निर्णय कोणाचा? एफसी गोवाच्या निर्णयवहीच्या प्रकल्प नोंदी

8 जून 2025, रविवार

काम ठरलं. गावच्या वाचनालयाची मागची खोली चवथीच्या आधी रंगवून होणार आहे आणि तिच्या एका भिंतीवर फुटबॉल लावायला समितीने होकार दिलाय. अट एकच घातली, नुसते फोटो नकोत, वाचायला काहीतरी पाहिजे. फोटो मलाही नकोच आहेत आणि निकाल तर हल्ली पोरासोरांच्या मोबाइलवर असतात. मला हवी आहे निर्णयवही. क्लबने कधी काय ठरवलं, तेव्हा काय कारण दिलं आणि पुढे मैदानावर काय झालं, एवढंच तारखेवार.

आपल्याकडे सामना हरला की तिठ्यावरचा प्रत्येक जण म्हणतो, "मी तेव्हाच सांगितलं होतं." तेव्हा कोण काय बोलला होता ते कोणीच लिहून ठेवलेलं नसतं, म्हणून सगळ्यांचंच खरं ठरतं.

मंडळी तीन. मी, संगणकावरचा तक्ता सांभाळणारा माझा भाचा आणि कात्रणांची पेटी सांभाळणारे काका. काका साळगावकरचे, म्हणजे वास्कोच्या जुन्या फुटबॉल क्लबचे. एफसी गोवा 2014 मध्ये निघाला, तरी त्यांच्या लेखी तो अजून "तो नवा क्लब". मी त्या नव्या क्लबची. बोरीचा पूल ओलांडून मडगावजवळ फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जायचं, गळा बसेपर्यंत ओरडायचं आणि परतताना व्यवस्थापनाच्या नावाने बोटं मोडायची, हा शिरस्ता.

15 जून, रविवार

काकांची पेटी उघडली. बाहेर धो धो पाऊस, आत कुबट वास. कात्रणं मैद्याच्या खळीने चिकटवलेली आणि कसरीने नेमकी खळ लागलेलीच जागा खाल्लेली, त्यामुळे चारी कडा गेल्यात आणि मधला मजकूर शाबूत आहे. एका पानावर गोल करणारा उरलाय, गोलकीपर गेलाय. काका म्हणाले, "कसरसुद्धा फॉरवर्डच्या बाजूची."

साळगावकरचा गठ्ठा वेगळा, सुतळीने बांधलेला. 1998-99 ची राष्ट्रीय लीग, गोव्यात आलेलं ते पहिलं विजेतेपद. 2010-11 ची आय-लीग, त्याच वर्षीचा फेडरेशन चषक. मग कात्रणं विरळ होत जातात आणि 2016 पाशी गठ्ठा संपतो. त्या वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नव्या रचनेचा आराखडा मांडला. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, ही वरची लीग, आय-लीग तिच्या खाली, आणि मैदानावर कितीही जिंकलात तरी वर जायची वाट नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, पाठोपाठ धेंपोनेही. धेंपो म्हणजे पाच वेळा देशाची लीग जिंकलेला क्लब. साळगावकर अजून गोव्याच्या लीगमध्ये खेळतो. काका बघायला जातातही, पण त्याची कात्रणं ठेवत नाहीत.

त्यांनी विचारलं, "तुझ्या वहीत आमचं पान कुठे येणार?"

मी म्हटलं, "काका, वही एफसी गोवाची आहे."

"त्या क्लबचे पहिले मालक कोण होते, ते आधी लिही."

दत्तराज साळगावकर, श्रीनिवास धेंपो आणि वेणुगोपाल धूत. ज्या दोन घराण्यांच्या क्लबांवरून वास्को आणि पणजी एकमेकांना पाण्यात पाहायची, ती दोन्ही नावं नव्या क्लबच्या एकाच कागदावर. पान द्यावं लागणार. पहिलंच द्यावं लागणार.

22 जून, रविवार

आज एकच ओळ भरली आणि तिच्यावरच दिवस गेला.

जानेवारी 2020 ची अखेर. सर्जियो लोबेरा प्रशिक्षक. संघ गुणतक्त्यात सगळ्यात वर, साखळीचे तीन सामने बाकी, आणि क्लबने त्यांना काढलं. आमच्या घरी त्या संध्याकाळी जेवणाच्या ताटावरून भांडण झालं होतं. वर असलेल्या संघाचा प्रशिक्षक काढणं हा शुद्ध वेडेपणा, असं मी म्हणत होते. भाचा तेव्हा शाळेत होता, तोही म्हणत होता.

मग ते उरलेले तीन सामने. सूत्रं क्लिफर्ड मिरांडांकडे, आपला गोंयकार, धेंपोकडून खेळलेला. हैदराबादला 4-1, मुंबईला 5-2, जमशेदपूरला 5-0. तीन सामन्यांत 14 गोल. 39 गुण, साखळीत एकूण 46 गोल, साखळीत पहिला येणाऱ्याला मिळणारी आयएसएलची पहिलीवहिली लीग शील्ड आपल्याकडे आणि तिच्यामुळे आशियाच्या क्लबांच्या स्पर्धेत, एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब आपला.

भाच्याने ‘निकाल’ रकान्यात लिहिलं: निर्णय बरोबर.

पुढच्याच पंधरवड्यात उपांत्य फेरी. चेन्नईत 4-1 ने मार खाल्ला, फातोर्ड्याला 4-2 जिंकलो, एकूण 5-6, बाहेर. भाच्याने आधीचं पुसून लिहिलं: निर्णय चूक.

मी त्याला थांबवलं. निर्णय एकच, आणि महिना-सव्वा महिन्यात तो आधी बरोबर होतो, मग चुकतो? शील्ड जिंकणारा संघ लोबेरांनीच उभा केला होता हेही खरंच. मग ते 14 गोल कोणाच्या नावावर मांडायचे? पोरगं म्हणालं, "मावशी, मग या रकान्यात लिहायचं तरी काय?" ठरलं असं की ‘निकाल’ रकान्यात फक्त स्कोअर जाणार. बरोबर-चूक हे शब्द वहीत कुठेच नकोत. ज्याला शिक्का मारायचाय त्याने वाचनालयातून घरी जाताना मारावा.

24 जून, मंगळवार

सांजाव, विहिरीत उड्या मारायचा सण. काम नाही. पोरं विहिरीत.

29 जून, रविवार

2020 च्या उन्हाळ्यानंतरची पानं. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले आणि मागोमाग ह्युगो बुमूस, मुर्तदा फॉल, अहमद जाहू, शिवाय पहिल्या वर्षापासून आपल्या शर्टात असलेला मंदार राव देसाई. कणाच गेला. इथे माझा एक जुना सिद्धांत आहे. प्रशिक्षक गेल्याने संघ पडत नाही, कणा गेल्याने पडतो. म्हटलं, वहीत आता पुरावा मिळेल.

वही काही ऐकेना. कणा जाऊनही 2020-21 मध्ये हुआन फेरांडोच्या हाताखाली संघ चौथा आला, उपांत्य फेरीत गेला आणि तिथे लोबेरांच्याच मुंबईकडून पेनल्टींवर हरला, दोन सामन्यांत एकदाही न हरता. ते सगळं वर्ष कोरोनाचं. आख्खी आयएसएल गोव्यातच झाली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, आणि गोंयकाराला गेटच्या आत पाऊल टाकता आलं नाही. त्या एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगही फातोर्ड्यालाच. लॉरां ब्लांसारखा जगज्जेता ज्यांचा प्रशिक्षक, त्या अल रय्यानला 0-0 ने रोखलं. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा पहिला गुण रिकाम्या स्टँडसमोर मिळाला. आम्ही घरी टीव्हीला नारळ दाखवला.

घसरण आली ती नंतर. डिसेंबर 2021 मध्ये, ऐन हंगामात, फेरांडो कोलकात्याला गेले. करारात बाहेर पडायची रक्कम लिहिलेली होती, एटीके मोहन बागानने ती भरली. डेरिक परेरांनी उरलेला हंगाम ओढला, संघ नववा. पुढच्या वर्षी कार्लोस पेन्या, सातवा.

तेव्हा मी शिव्या घातल्या व्यवस्थापनाला. पण ‘निर्णय’ रकान्यात लिहायला गेलं तर क्लबचा निर्णय सापडतच नाही. जाणारा गेला, नेणाऱ्याने पैसे भरले. क्लबचा निर्णय शोधायचा तर आणखी मागे जावं लागतं, करारात ती रक्कम लिहिली गेली त्या दिवशी. ती तारीख आमच्याकडे नाही.

म्हणून नवीन रकाना: निर्णय कोणाचा?

7 जुलै, सोमवार

द्वादशी. माशेलचा चिखलकालो बघून भाचा डोक्यापासून पायापर्यंत मातीचा परत आला आणि तसाच ओसरीवर बसून बोलला, कारण त्याला सुचलेलं मध्यभागचं फलक त्याला आत्ताच सांगायचं होतं: शेवटच्या मिनिटांचा शाप.

सामग्री आहे खरी. 20 डिसेंबर 2015, अंतिम सामना, फातोर्डा. 87 व्या मिनिटाला जोफ्रेने 2-1 केलं, करंडक हातात आल्यासारखा, आणि 90 व्या मिनिटाला आपल्याच गोलकीपरकडून चेंडू आपल्याच जाळ्यात, लगेच मेंडोझाचा तिसरा. चेन्नईयन 3, गोवा 2. मी पूर्वेकडच्या स्टँडमध्ये होते. माझ्या पुढच्या रांगेत एका बाईने पोराच्या गालावर रंगवलेले पट्टे ओढणीने पुसायला घेतले होते, सामना अजून चालू होता. मग 2019 चा अंतिम सामना, मुंबईत, बेंगळुरूच्या राहुल भेकेचा 117 व्या मिनिटाला हेडर. एप्रिल 2024, उपांत्य फेरी, मुंबई सिटीविरुद्ध 90 व्या मिनिटापर्यंत 2-0 ने पुढे आणि शिट्टी वाजली तेव्हा 2-3. आणि यंदाचा 6 एप्रिल. बेंगळुरूत 2-0 हरून आलेलो, फातोर्ड्याला बोर्हाने एक फेडला, 88 व्या मिनिटाला सादिकूने दुसरा. एकूण 2-2, स्टँड थरथरतोय, आणि भरपाईच्या वेळेत सुनील छेत्री. चाळिशीचा माणूस, उडी विशीतल्यासारखी.

फलक लोकांना आवडेल यात शंका नाही. तरी मी नको म्हटलं. शाप म्हटला की सगळे सुटतात, खेळाडू, प्रशिक्षक, मालक आणि आम्हीसुद्धा. शिवाय ऑक्टोबर 2021 मध्ये कोलकात्यात ड्युरंड चषक जिंकला तो जादा वेळेत, एदू बेदियाच्या फ्री किकवर. तो कोणाचा शाप?

काकांनी मध्येच ब्रह्मानंद संखवाळकरांचा विषय काढला. ते काढणारच होते. 1984 च्या संतोष करंडकात गोव्याने एकही गोल न खाता विजेतेपद घेतलं, गोलमध्ये ब्रह्मानंद. काकांच्या मते शाप-बिप काही नाही, शेवटच्या दहा मिनिटांत मागच्यांना ओरडून जागेवर ठेवणारा माणूस लागतो, तो विकत मिळत नाही. हे मला शापापेक्षा पटलं. फलक होणार, मथळ्यात ‘शाप’ नसणार.

12 जुलै, शनिवार

काल संध्याकाळची बातमी. आयएसएल चालवणाऱ्या कंपनीने 2025-26 चा हंगाम स्थगित ठेवल्याचं क्लबांना कळवलं. महासंघाशी 2010 मध्ये झालेला हक्कांचा करार 8 डिसेंबरला संपतोय, नवा झालेला नाही, आणि महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे लीगच नाही. निदान तूर्तास.

गंमत बघा. गेल्या हंगामात 24 सामन्यांत 48 गुण, दुसरा क्रमांक. 3 मे ला भुवनेश्वरमध्ये जमशेदपूरला 3-0 हरवून सुपर कप, दोनदा तो जिंकणारा पहिला क्लब आपला. मैदानावर करायचं ते सगळं करून झालंय आणि खेळायला लीग नाही.

भाच्याने ओळ टाकली. निर्णय कोणाचा? त्याने लिहिलं, ‘वरचा’. काकांनी तक्ता वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हेच 2016 ला झालं. तेव्हा तू म्हणालीस, काका, तुमच्या क्लबांना जमलं नाही."

म्हणाले असेन. तेव्हा काही लिहून ठेवलेलं नाही.

19 जुलै, शनिवार

काल गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सचा निकाल लागला, तोही लोझानमध्ये. आय-लीगचे विजेते म्हणून एप्रिलमध्ये महासंघाच्या अपील समितीने त्यांना जाहीर केलं होतं, आता क्रीडा लवादाने ते फिरवून इंटर काशीला विजेते ठरवलं. मुद्दे खेळाडूंच्या पात्रतेचे, नोंदणीचे आणि त्यावरून द्यायच्या-काढायच्या गुणांचे. कायद्याच्या बाजूने लवादाचंच बरोबर असेल, त्यात मला पडायचं नाही. पण चर्चिलच्या वार्का गावातल्या माणसाला त्याचा क्लब विजेता आहे की नाही हे स्वित्झर्लंडहून कळावं, एवढं नोंदवून ठेवते.

चर्चिलला भिंतीवर जागा नाही. तरी काकांच्या पानाशेजारी एक छोटी चौकट करायची. 2016 चे तीन क्लब, 2025 चा एक.

3 ऑगस्ट, रविवार

मानोलो मार्केझचं पान. हे सोपं जाईल असं वाटलं होतं.

जुलै 2024 मध्ये महासंघाने त्यांना देशाचं प्रशिक्षकपद दिलं आणि गोव्याचंही त्यांच्याकडेच ठेवलं. एक माणूस, दोन खुर्च्या. आमच्याकडे बोंबाबोंब झाली, आपला माणूस अर्धाच उरणार म्हणून. झालं उलटं. गोवा दुसरा आला, सुपर कप जिंकला, आणि देशाच्या संघाला त्यांच्या काळात आठ सामन्यांत एकच विजय. जूनमध्ये हाँगकाँगकडून हरले, जुलैच्या सुरुवातीला ते पद सोडलं. परवा खालिद जमील यांची नेमणूक झाली. मानोलो आता पूर्णवेळ गोव्याचे.

‘निर्णय कोणाचा?’ इथे दोन नावं लिहिली, महासंघ आणि क्लब, दोघांची संमती होती. स्कोअर लिहायचे तर दोन संघांचे लिहावे लागतील. गोव्याच्या पाठीराख्याला यात तक्रारीला जागा नाही, आणि तीच मला टोचते. जी व्यवस्था मला फायद्याची पडली ती मी कधीच शिव्या घालून तपासली नसती.

ब्रँडन फर्नांडिसची ओळही आज भरली. 2024 मध्ये मुंबई सिटीला गेला. त्याच उन्हाळ्यात नोआ सदावी केरळला. लोक म्हणाले, क्लबने ब्रँडनला धरून ठेवायला हवं होतं. मीही म्हटलं असतं, पण त्याच्या मागोमाग ब्रायसन फर्नांडिसला जागा मिळाली आणि तो हंगामाचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. आपल्याच मातीतला, क्लबच्या युवा संघातून वर आलेला. एकाच्या जाण्याचा आणि दुसऱ्याच्या येण्याचा संबंध जोडायचा का, यावर आमचं एकमत नाही. दोन ओळी शेजारी ठेवल्या, मध्ये बाण काढला नाही.

5 ऑगस्ट, मंगळवार

बेंगळुरू एफसीने मुख्य संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. एप्रिलमध्ये यांनी आम्हाला बाहेर काढलं तेव्हा यांचं वाटोळं होवो असं मी म्हटलं होतं. हे नव्हतं म्हणायचं.

14 ऑगस्ट, गुरुवार

काल फातोर्डा. एएफसी चॅम्पियन्स लीग टू ची पात्रता, ओमानचा अल सीब. एकच सामना, हरलो तर ही स्पर्धा संपली आणि घरच्या लीगचा पत्ता नाही. मडगावात उतरल्यावर गाड्यावर रोस-आमलेट घेतलं. गाडेवाला विचारत होता, सामना खरंच आहे ना? इतक्या दिवसांत कोणी फुटबॉलचं विचारलंच नव्हतं त्याला.

पहिला गोल देयान ड्राझिचचा. उत्तरार्धाच्या सुरुवातीला हावियर सिव्हेरियोने दुसरा. स्टँड उसळला, पोरांचे ढोल सुरू, "फोर्सा गोवा" आणि मग साठाव्या मिनिटाच्या आसपास अल सीबने एक फेडला. त्यानंतरचा अर्धा तास मी सांगू शकते. काका शेजारी बसले होते (हो, आले होते, "बघायला" म्हणून). ते चेंडूकडे बघतच नव्हते, ते आपल्या मागच्या चौघांकडे बघत होते, कोण कोणाला हाताने जागा दाखवतोय ते. 85 व्या मिनिटानंतर स्टँडमध्ये कोणी गात नव्हतं. चेंडू आपल्या बॉक्सजवळ आला की हजारो माणसं एकदम श्वास आत ओढतात, तो आवाज टीव्हीवर येत नाही. एका कॉर्नरला समोरचा माणूस उठून पाठ करून उभा राहिला, बायकोला म्हणाला, झालं की सांग.

2-1 च राहिलं.

काका उठताना म्हणाले, "बरे ओरडतात आता मागचे." एवढंच. माझ्या हिशेबी काकांची ही दाद म्हणजे त्या नव्या क्लबचा आणखी एक करंडक.

16 ऑगस्ट, शनिवार

ड्रॉ झाला. आपला गट: सौदीचा अल नास्र, इराकचा अल झवरा, ताजिकिस्तानचा इस्तिकलोल. काल संध्याकाळपासून ज्यांनी कधी फातोर्ड्याचं गेट बघितलेलं नाही असे नातेवाईक फोन करून तिकीट मागताहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच, तो येणार का?

24 ऑगस्ट, रविवार

भिंत लागली. चवथ बुधवारी, त्यामुळे रंगारी, माटोळीचं सामान आणि आमचे फलक एकाच वेळी वाचनालयाच्या दारात. खळ वापरू दिली नाही, सगळं पिनांवर. काकांचं पान डोळ्यांच्या उंचीवर लागलं. त्यांनी स्वतः टेप धरून मोजलं आणि एफसी गोवाची शील्ड त्याच्यापेक्षा दोन बोटं खाली आली. बोलले कोणी काही नाही.

पहिले वाचक म्हणजे रंगारी दोघे. लोबेराच्या ओळीपाशी एक म्हणाला, काढायला नको होता. दुसरा म्हणाला, काढला म्हणून तर शील्ड आली. पंधरा मिनिटं रंग थांबला. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही बरोबर काय ते लिहिलेलं नाही?" भाचा म्हणाला, "नाही काका, तो रकाना काढून टाकला."

12 जुलैची ओळ उघडी आहे, लीगचं अजून काही ठरलेलं नाही. तिच्याखाली भाच्याने कोणाला न विचारता नवी ओळ टाकलीय. निर्णय: अल नास्रबरोबर रोनाल्डो गोव्याला येणार की नाही. तारीख: अजून नाही. निर्णय कोणाचा? त्याचा.

काका म्हणाले, वहीतली एवढी एकच ओळ बिनचूक आहे.